डावं मागचं चाक

आमचा रोबो पहिल्या दोन फेऱ्या अगदी शहाण्यासारखा पळायचा. तिसऱ्या फेरीत पहिलं वळण आलं की त्याचं डावं मागचं चाक एकदम सुसाट सुटायचं. बाकीची तीन चाकं आपल्या चालीनं चाललेली असायची, आणि त्या ओढाताणीत सगळा रोबो गर्रकन फिरून वर्कशॉपच्या लोखंडी रॅकवर जाऊन आदळायचा. पहिल्यांदा हे झालं तेव्हा आम्ही हसलो. मग जळका वास आला आणि हसणं थांबलं.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. कॉलेज नगर-मनमाड रस्त्याला लागून, कोल्हारच्या अलीकडं. पुण्याला दरवर्षी विद्यार्थ्यांच्या रोबोंची एक स्पर्धा व्हायची. मैदानावर तीन मिनिटं रोबो चालवायचा, ठरलेल्या जागेवरचे चेंडू उचलायचे आणि टोपल्यांत टाकायचे, असा खेळ. आमच्या कॉलेजची टीम त्याआधी दोनदा जाऊन आली होती आणि दोन्ही वेळा रोबो मैदानातच बंद पडला होता. त्यामुळं आमच्या कॅप्टननं पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं की जिंकायचं नंतर बघू, आधी तीन मिनिटं न थांबता चालला पाहिजे.

कोड माझ्याकडं होता. प्रत्येक चाकाला एक मोटर आणि प्रत्येक मोटरला तळहाताएवढा एक ड्रायव्हर बोर्ड. हा बोर्ड कोड सांगेल तेवढीच वीज बॅटरीतून मोटरला सोडतो. चाक किती फिरलं हे कळायला मोटरच्या मागं एन्कोडर नावाची छोटी डबी बसवलेली असते. चाक जरासं पुढं सरकलं की तिचा आकडा एकानं वाढतो. माझा कोड हे आकडे सारखे वाचत राहायचा. एखादं चाक मागं पडतंय असं दिसलं तर त्याचा जोर वाढवायचा, पुढं गेलं तर कमी करायचा. चारही चाकांनी एकमेकांना धरून चालावं म्हणून एवढा खटाटोप.

वायरिंग माझ्या मैत्रिणीकडं होतं. आम्ही हॉस्टेलला एकाच खोलीत राहायचो. ती पाथर्डीकडची. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे, म्हणून ती पाचवीपासून वसतिगृहातच वाढलेली. सुट्टी लागली की मामाकडं जायची. मामाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं आणि तिथं बसून बसून ती सोल्डरिंग शिकली होती, तेही आम्हाला कॉलेजात कुणी शिकवायच्या पाच-सहा वर्षं आधी. तिनं जोडलेली वायर ओढून बघायची वेळ कुणावर यायची नाही. काम करताना तिचं तोंड सारखं चालू असायचं. माझ्या कामाला ती ‘तुजं टायपिंग’ म्हणायची. लॅपटॉपवर डोळे लावून बसले की मागून येऊन विचारायची, “झालं का तुजं टायपिंग? हितं खरं काम करायला मानूस लागतंय.”

पहिला बोर्ड जळला तेव्हा आम्ही सगळे रोबोभोवती खाली बसलो. गाईड सरही आले होते. सर शांत माणूस. आवाज न चढवता ते प्रत्येकाला आळीपाळीनं विचारायचे, तुझं काय मत. माझी पाळी आली तेव्हा मी नीट समजावून सांगितलं. एन्कोडरची वायर क्षणभर जरी निसटली तरी आकडा यायचा थांबतो. आकडा थांबला की कोडला वाटतं चाकच थांबलंय, म्हणून तो जोर वाढवत जातो. चाक सुसाट सुटतं ते त्यामुळं. मग रोबो रॅकला जाऊन अडकला, चाकाला फिरता येईना, तरी वीज जातच राहिली, म्हणून बोर्ड जळला.

यातला शब्द न् शब्द खरा होता. एन्कोडरची वायर निसटली तर अगदी असंच होतं. कॅप्टननं विचारलं, “आणि कोडमध्ये काही नसेल कशावरून?”

मी म्हणाले, “चारही चाकांना कोड एकच आहे. कोड चुकला असता तर चारही चाकं बिघडली असती.”

सरांनी मान हलवली. कॅप्टनलाही ते पटलं. मैत्रीण उठली. तिनं पाना घेतला, डाव्या मागच्या चाकाची सगळी वायर सोडवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नवीन घालून दिली.

तिसऱ्या फेरीत चाक पुन्हा सुटलं आणि दुसरा बोर्डही गेला. आता आमच्याकडं जादा बोर्ड एकच उरला, आणि नवीन मागवला तर स्पर्धेच्या आत येईल याची खात्री नव्हती. तेव्हापासून टेस्टिंगच्या वेळी कॅप्टन स्वतः रोबोच्या बरोबरीनं पळायचा. तिसरी फेरी लागली की तो रोबोवरच्या लाल स्विचवर हात धरायचा आणि चाकाचा आवाज बदलला रे बदलला की दाबायचा. त्यामुळं बोर्ड वाचायला लागले. पण चाक काही सुटायचं थांबलं नाही. आम्ही डावीकडचा बोर्ड उजवीकडं लावून पाहिला. बिघाड डावीकडंच राहिला. मोटर बदलली, एन्कोडर बदलला. तरी तेच. मैत्रिणीनं तिसऱ्यांदा वायर बदलली. या वेळी तिनं प्रत्येक जोडावर वायर झाकणारी नळी दोनदा चढवली होती. आता राहिलं काय, तर हात. वायर कितीही बदलली तरी जोडणारे हात तेच, असं कुणी उघड म्हणालं नाही, पण टीममध्ये तसं वारं फिरायला लागलं.

रोबो विटांवर चढवून, चाकं हवेत ठेवून मी माझा कोड रोज तपासायचे. दहा सेकंद पुढं, दहा सेकंद मागं, परत पुढं. चारही चाकं घड्याळासारखी फिरायची. मग मी लॅपटॉप मिटायचे आणि म्हणायचे, बघा, माझ्याकडं काही नाही.

या काळात मैत्रिणीचं बोलणं बंद झालं. म्हणजे जेवायला चल, लाईट बंद कर, एवढं बोलायची. माझ्या टायपिंगची चेष्टा करायची मात्र थांबली. मला वाटलं, स्वतःची चूक सापडत नाही म्हणून खट्टू झालीय. मला तिची कीवही यायची, आणि आज हे सांगताना सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या किवेची.

स्पर्धेला दहा-बारा दिवस उरले असताना एका शनिवारी कॅप्टननं मला कँटीनमध्ये गाठलं. सरांशी त्याचं बोलणं झालं होतं. डाव्या बाजूचं वायरिंग आता तो स्वतः नव्यानं करणार होता, मैत्रिणीकडं फक्त बॅटऱ्या चार्ज करायचं काम ठेवणार होता, आणि हे तिला सोमवारी सांगणार होता. त्यानं मला विचारलं, तुला काय वाटतं. तो वाईट मुलगा नव्हता. त्यालाही ते जड जात होतं. मी चहाचा कप फिरवत बसले आणि म्हणाले, बघ तुला योग्य वाटेल तसं. नाही म्हणाले नाही. हो म्हटल्यासारखंच झालं ते.

रविवारी सकाळी मेसमध्ये पोहे खाताना मैत्रीण माझ्यासमोर येऊन बसली. कितीतरी दिवसांनी ती माझ्याकडं बघून बोलली. म्हणाली, खाऊन झालं की वर्कशॉपला चल, तुला एक दाखवायचं हाय. मला वाटलं, हिला कालचं कळलं.

रविवारी वर्कशॉप बंद असायचं. पण तिथले शिपाई मामा आवारातच राहायचे आणि आमच्यासाठी कधीही कुलूप काढायचे. त्या दिवशी ते पाण्याच्या टाकीपाशी मोटारसायकल धूत होते. ओल्या हातानंच त्यांनी किल्ली काढून दिली आणि जाताना पंखे बंद करा म्हणून सांगितलं.

आत गेल्यावर ती मला पहिल्या वळणापाशी घेऊन गेली. जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवून आम्ही सरावाचा रस्ता आखला होता. एक फेरी चाळीसेक फुटांची, दारापाशी सुरू होणारी. वळणापाशी फरशीवर खडूच्या बारीक फुल्या होत्या, एकीजवळ एक, सगळ्या मिळून एका विटेएवढ्या जागेत. मी त्या आधी पाहिल्या नव्हत्या. पाहिल्या असत्या तरी कुणाच्या तरी मापाच्या खुणा समजून सोडून दिल्या असत्या.

तिनं सांगितलं की बोर्ड जळायचं थांबल्यापासून, दर वेळी कॅप्टननं स्विच दाबला की डावं मागचं चाक जिथं उभं राहायचं तिथं ती फुली मारायची. रोबो उचलताना खाली वाकायचं आणि खडू टेकवायचा, एवढंच, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. पाच वेळा चाक सुटलं होतं आणि इथं चार फुल्या होत्या.

“वायर सैल असती तर कुठंबी निसटली असती,” ती म्हणाली. “कवा पहिल्या फेरीला, कवा दाराशी. ही रोज हितंच कशी निसटती?”

मी म्हणाले की या वळणावर फरशीचा सांधा आहे, तिथं हिसका बसत असेल आणि हिसक्यानं वायर हलत असेल. आजही मला आठवतं, हे मी किती पटकन म्हणाले. उत्तर जणू तयारच होतं.

तिनं वाद घातला नाही. मला हाताला धरून समोरच्या बाजूला नेलं. तिथं खिडकीखाली पाचवी फुली होती. ती गेल्या मंगळवारची. त्या दिवशी दाराशी कुणीतरी लेथचं सामान उतरवून ठेवलं होतं, म्हणून आम्ही रोबो दाराऐवजी अर्ध्या रस्त्यावरून सोडला होता. आणि तो सुटला तोही अर्धी फेरी पुढं येऊन, या खिडकीखाली. इथं फरशीला सांधा नव्हता. तिनं खिशातून सुतळीचं बंडल काढलं. तिनं आधीच मोजून सुतळीला गाठ मारलेली होती. दारापासून वळणावरच्या फुल्यांपर्यंत, आधीच्या दोन फेऱ्या धरून, जेवढी सुतळी लागली तेवढीच मंगळवारी सोडलेल्या जागेपासून या फुलीपर्यंत लागली होती. इकडं तिकडं वीतभराचा फरक.

“जागा सारखी न्हाई,” ती म्हणाली. “अंतर सारखं हाय. वायरीला काय म्हाईत, आपुन किती लांब आलो ते? अंतर मोजतंय ते तुजं टायपिंग.”

मी ती सुतळी हातात धरून उभी राहिले. ती म्हणाली त्यात वाद घालायला जागाच नव्हती. सगळ्या रोबोमध्ये किती अंतर झालं हे ठाऊक असणारी एकच गोष्ट होती, आणि ती मी लिहिली होती. आणि त्याच क्षणी मला आणखी एक दिसलं. रोबो विटांवर चढवून मी कोड तपासायचे तेव्हा चाक दहा सेकंद पुढं आणि दहा सेकंद मागं फिरवायचे. पुढं जाताना आकडा वाढायचा, मागं येताना तेवढाच उतरायचा. इतक्या दिवसांत मी त्याला लांबवर जाऊच दिलं नव्हतं.

आम्ही दोघींनी रोबो उचलून विटांवर ठेवला. मी लॅपटॉप जोडला आणि चारही चाकांचे आकडे पडद्यावर दिसतील असं केलं. तिनं लाल स्विचवर हात ठेवला. मी चाकं फक्त पुढं सोडली आणि सोडूनच दिली.

आकडे पळायला लागले. दहा हजार, पंधरा हजार. चारही जवळपास बरोबरीनं. वर्कशॉपमध्ये पंख्याचा आणि मोटरींचा आवाज, बाकी शांत. पंचवीस हजार. तीस हजार. मला अंदाज यायला लागला होता. बत्तीस हजार. आणि बत्तीस हजार सातशे सदुसष्टला डाव्या मागच्या चाकाचा आकडा गायब झाला आणि त्या जागी उणे बत्तीस हजारांच्या घरातला आकडा आला. बाकी तीन आकडे तसेच पुढं चालले होते. चाकानं किंकाळी फोडल्यासारखा आवाज केला आणि मैत्रिणीनं स्विच दाबला.

ज्यांनी थोडाफार कोड लिहिलाय त्यांना हा आकडा पाहिल्या पाहिल्या कळेल. कॉम्प्युटरला आकडा ठेवायला जागा द्यावी लागते. लहान जागा दिली तर तिच्यात बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंतच मावतं. त्यात आणखी एक मिळवला की तो उलटून पार उणे टोकाला जातो. गाडीचं जुनं मीटर सगळे नऊ झाल्यावर शून्यावर येतं, तसंच, फक्त शून्याच्याही खूप खाली. माझ्या कोडला वाटायचं की हे चाक एकाएकी मैलभर मागं पडलं. मग तो बिचारा त्याला सगळ्यांबरोबर आणण्यासाठी होता नव्हता तेवढा जोर लावायचा.

मी कोड वर सरकवत नेला. चार चाकांसाठी मी चार तुकडे लिहिले होते. खरं तर एकच लिहून तीनदा चिकटवला होता. सुरुवातीला चारही ठिकाणी लहान जागा दिली होती. दिवाळीच्या आसपास आम्ही बारीक मोजणारे एन्कोडर बसवले, तेव्हा आकडे मोठे येणार म्हणून मी जागा मोठी करायला घेतली. पुढचं डावं केलं, पुढचं उजवं केलं, मागचं उजवं केलं. चौथ्याच्या वेळी काय आडवं आलं ते आता आठवत नाही. मेसची वेळ झाली असेल, नाहीतर कुणीतरी हाक मारली असेल. ते तसंच राहिलं. चारही चाकांना कोड एकच आहे, हे वाक्य मी सगळ्यांसमोर बोलले होते, सरांसमोर बोलले होते, आणि ते खरं आहे का हे एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

मी पडद्यावर बोट ठेवून तिला ती ओळ दाखवली. एका शब्दाचा फरक. तिनं वाकून बघितलं. तिला कोडमधलं फारसं कळायचं नाही, पण तीन ठिकाणी एक शब्द आहे आणि चौथ्या ठिकाणी दुसरा, हे कुणालाही दिसलं असतं.

“मग माजी वायर?” तिनं विचारलं.

“तुझी वायर पहिल्या दिवसापासून चांगली होती,” मी म्हणाले. “तीनदा उगाच काढायला लावली मी तुला.”

ती खाली फरशीवर बसली, पाय पसरून, रॅकला पाठ टेकून. मला वाटलं आता चिडेल, आणि चिडली असती तर मी ऐकून घेतलं असतं. पण तिनं नुसता मोठा श्वास सोडला आणि डोळे पुसले. म्हणाली की गेल्या आठवड्यात तिनं मामाला फोन करून विचारलं होतं, माझ्या हाताला काही झालंय का, चांगला जोड कसा ओळखायचा ते परत सांग. मामा हसला होता, पण तिला रडू आलं होतं.

विचित्र गोष्ट सांगते. मला त्या वेळी लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण नंतर. त्या क्षणी मला फक्त हलकं वाटत होतं. इतके दिवस छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं होतं आणि ते काय आहे हे मला कळत नव्हतं. मी तिच्या शेजारी फरशीवर बसले आणि मला हसू यायला लागलं. ती माझ्याकडं वेड्यासारखी बघत राहिली, मग तिलाही आलं. आवाज ऐकून शिपाई मामा दारात येऊन उभे राहिले. काय झालं म्हणून विचारलं. मैत्रीण म्हणाली, सापडलं. मामा म्हणाले, मग हसता कशाला, दुरुस्त करा की.

दुरुस्ती करायला अर्धं मिनिट लागलं. तो एक शब्द बदलला, रोबो खाली उतरवला आणि दारापासून सोडला. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला ती रोबोच्या शेजारून पळत होती, हात स्विचवर. वळण आलं, खडूच्या फुल्या चाकाखालून गेल्या आणि रोबो तसाच पुढं गेला. चौथी फेरी झाली, पाचवी झाली. सातव्या फेरीला तिनं हात काढून घेतला आणि बाजूला उभी राहिली. बॅटरी उतरेपर्यंत आम्ही त्याला फिरू दिलं. मामा स्टूल घेऊन दारात बसले होते आणि दर फेरीला मोठ्यानं आकडा म्हणत होते. तेराव्या फेरीनंतर त्यांनी मोजणं सोडलं आणि चहा करून आणला.

सोमवारी सकाळी कॅप्टननं तिला बोलवायच्या आधी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. कॅप्टन तिथंच होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चूक माझ्या कोडची होती, ती मी शोधली नाही, तिनं शोधली, खडू आणि सुतळीनं. आणि ‘कोड एकच आहे’ हे मी न बघता सांगितलं होतं, हेही सांगितलं. कॅप्टनचा चेहरा असा काही सैल झाला की मला कळलं, तोही त्या सोमवारला किती घाबरला होता.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, “हे तू मला इथं सांगितलंस ते चांगलं केलंस. पण तिच्यावर शंका सगळ्यांच्या समोर घेतली गेली. मीही मान हलवली होती. आता सगळ्यांना बोलवू.”

त्याच दिवशी दुपारी सगळी टीम वर्कशॉपमध्ये जमली. सरांनी तिला सुतळी आणि फुल्या घेऊन सगळं पहिल्यापासून समजावून सांगायला लावलं. आधी ती लाजली. मग तिला रंग चढला आणि ती नेहमीसारखी बोलायला लागली. शेवटी मी उभी राहून माझी चूक सांगितली, चौथं चाक बहुतेक मेसची वेळ झाली म्हणून राहिलं असेल हेही. सरांनी एक नियम घालून दिला की इथून पुढं कुणीही ‘माझ्याकडं काही नाही’ असं म्हणायचं नाही, ‘मी काय काय तपासलं’ ते सांगायचं. त्यांनीही सगळ्यांसमोर तिला म्हटलं, मलाही तुला विचारायला हवं होतं. ती म्हणाली, जाऊ द्या सर. आणि तिनं ते खरंच जाऊ दिलं. त्या रात्री जेवताना तिनं मला सुनावलं, आणखी किती ठिकाणी तुजी मेसची वेळ झाली हुती ते एकदा बघून घे.

मी बघितलं. चारही तुकडे काढून टाकून एकच लिहिला, जो चारही चाकांना चालेल. आता मी सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत मशीनचे प्रोग्राम लिहिते. कारखान्यातली लाईन बंद पडली की तिथंही पहिल्यांदा कुणीतरी म्हणतं, आमच्याकडं काही नाही. पुष्कळदा मीच म्हणणार असते, पण मग गप्प बसते आणि उघडून बघते.

स्पर्धेला आम्ही ठरल्याप्रमाणं गेलो. पहिल्या सामन्यात रोबो पूर्ण तीन मिनिटं चालला. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा तो मैदानाच्या मध्यावर चारही चाकांवर उभा होता, आणि आम्ही किती चेंडू टाकले हे न बघताच कॅप्टननं सरांना मिठी मारली. तो सामना आम्ही जिंकलो. दुसऱ्यात समोरच्या टीमचा रोबो आमच्या दुप्पट वेगानं चेंडू उचलत होता. आम्ही सरळ सरळ हरलो. पण हरतानाही आमचा चालू होता.

परत येताना आम्ही दोघी टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागच्या सीटवर होतो. दुपारचं ऊन खिडकीतून मांडीवर येत होतं. पुढं सगळे झोपले होते. एक गोष्ट सांगायची राहिली होती आणि ती घेऊन मला घरी जायचं नव्हतं. मी तिला कँटीनमधल्या त्या शनिवाराबद्दल सांगितलं. वायरिंग तिच्याकडून काढून घ्यायचं ठरत होतं आणि मी नाही म्हणाले नव्हते.

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, “मला म्हाईत हाय. त्या शनवारी सांच्याला कॅप्टननं माज्याकडं वायरिंगचा नकाशा मागितला हुता. कशाला मागतो ते कळलं मला. म्हनून तर रविवारी तुला वर्कशॉपला नेलं. सोमवार उजाडू द्यायचा न्हवता.”

“मग मलाच का नेलंस? सरांकडं जायचं.”

“सरांकडं गेले असते तर तुजी चूक निघाली असती,” ती म्हणाली. “तुला नेलं म्हनून ती तूच काढली.”

तिनं पायाशी ठेवलेल्या पिशवीतून पेरू काढला, कपड्याला पुसला, दाबून दोन भाग केले आणि मोठा भाग मला दिला. मग डोकं माझ्या खांद्यावर टेकवून झोपून गेली, ती नगर येईपर्यंत उठली नाही.

नगरला आम्ही दोघी उतरलो. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. ती पाथर्डीच्या गाडीत बसली, मी नेवाशाच्या. सोनईला घरी पोचले तेव्हा आई अंगणात शेंगा निवडत बसली होती. तिनं मान वर करून विचारलं, काय झालं स्पर्धेचं. मी बॅग ओट्यावर टाकली आणि सांगितलं, दुसऱ्या सामन्यात हरलो. मी काय चेहऱ्यानं सांगितलं कुणास ठाऊक, आईनं शेंगा बाजूला सारल्या आणि परत विचारलं, हरलो म्हणतेस ना तू? मी हो म्हणाले आणि तिच्यापाशी बसून शेंगा निवडायला लागले.